पहिल्या घोटाचा मान

उत्तमने लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "शेफालीच्या हळदीला पहिला घोट माझा. ज्याला अडवायचं असंल त्यानं माझ्या अंगावरून जावं."

हळदीच्या दिवशी लोक खरंच त्याच्या अंगावरून गेले. इलाज नव्हता. तो उंबऱ्यात आडवा पडला होता आणि घराला दार एकच होतं.

पण ते नंतर. आधी राग. या गोष्टीत राग इतका आहे की तो वेगवेगळ्या भांड्यांत काढून ठेवलेला बरा. एकाच पातेल्यात ठेवला तर उतू जाईल.

पेल्याचा राग

प्रभादेवीला टॉवरांच्या फटीतून समुद्र अजून कसाबसा दिसतो. तिथे कोळ्यांची थोडी घरं उरली आहेत, त्यातलं एक उत्तमचं. या घराची एक रीत आहे. हळदीच्या दिवशी उन्हं उतरली की घरातला मोठा पुरुष उंबऱ्यावर उभा राहतो. पणज्याच्या पितळी पेल्यात त्याला दारू भरून देतात. तो थोडी धार उंबऱ्यावर सोडतो, वाडवडलांची नावं घेतो, पेला डोक्याच्या वर उचलून समुद्राला दाखवतो आणि पहिला घोट घेतो. तोपर्यंत मांडवात कुणीही बाटलीचं बूच फिरवायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. एकदा एक आमदार ताटकळला होता म्हणतात.

मोठ्याला जमत नसेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "मान खाली दिला." मग पेला पुढच्या भावाकडे जातो. खाली गेलेला पेला पुन्हा वर येत नाही. त्या घरात तो माणूस मग फक्त वयाने मोठा राहतो.

आणि पुढचा भाऊ म्हणजे हितेश. चुलत. होडीतला आपला वाटा विकून त्याने गाडी घेतली आणि पूर्वी जिथे जाळी सुकायची तिथे ती उभी केली. पांढरे बूट घालतो. टॉवरवाल्यांशी मधाळ बोलतो आणि पितळी पेल्याकडे गेली काही वर्षं असा बघतो, जसं मांजर पापलेटाकडे.

उत्तमला मुलगी एकच. म्हणजे हळद एकच. म्हणजे पेला एकदाच.

गोळीचा राग

गेल्या वर्षी एका सकाळी उत्तमचे हात वर जाईनात. भांग पाडायला गेला तर कंगवा कानाशी अडला. तीस वर्षं जाळी ओढलेला माणूस, आणि बायकोने, गुणवंतीने, त्याला बनियन घातला. बालवाडीतल्या पोराला घालतात तसा. एक हात, दुसरा हात, डोकं.

परळच्या डॉक्टर दर्शनांनी तपासलं. स्नायूंना सूज आहे, म्हणाल्या. आजाराचं नाव सुक्या बोंबलांच्या माळेएवढं लांब होतं. औषध मात्र शर्टाच्या बटणाएवढी पांढरी गोळी. स्टिरॉइड. वर्ष-दोन वर्षं घ्यायची, हळूहळू कमी करायची.

दुसऱ्याच दिवशी हात वर गेले. उत्तम दिवसभर दोन्ही हात वर करून घरात फिरला, पाठीला कुणी पिस्तूल लावल्यासारखा.

मग गोळीने आपलं भाडं वसूल करायला सुरुवात केली. तोंड पुरीसारखं टम्म फुगलं. गाल लाल झाले. डोळे आत गेले, झोप उडाली, हात थरथरायला लागले. आणि राग. उत्तम पूर्वीही काही गाईचा अवतार नव्हता, पण आता त्याला बादलीचा राग यायचा. कॅलेंडरचा राग यायचा. एकदा त्याने उपम्याला शिव्या दिल्या. खाण्याआधी आणि खाऊन झाल्यावरही.

राहिली दारू. एकदा गुणवंती रिपोर्ट घेऊन एकटीच डॉक्टरकडे गेली आणि येताना हे घेऊन आली:

"डाक्टरीण बोललीय, या गोळीवर एक थेंब जरी गेला तर पोट आतून फाटंल."

"एक थेंब?"

"एक थेंब."

"हळदीला?"

"पोटाला काय हळद कळते?"

आता तुम्ही म्हणाल, उत्तमने स्वतः डॉक्टरला का नाही विचारलं? तर असं आहे. डॉक्टरकडे गेलं की गुणवंती शेजारच्या खुर्चीत बसते. लालबागच्या बाजारात ती सुरमई कापते तेव्हा पलीकडचे दुकानदार बोलायचे थांबतात. अशा बाईच्या शेजारी बसून "डॉक्टर, थोडी चालेल का?" हे वाक्य उच्चारलेला नवरा अजून जन्मायचा आहे.

उत्तमने सोडली. पूर्ण. आणि माणूस आयुष्यात पहिल्यांदा कोरडा झाला तेव्हाच तो सगळ्यात जास्त प्यायलेला दिसायला लागला.

शेजाऱ्यांचा राग, एका दमात

"उत्तमशेट, सकाळी सकाळीच?" "गोळीनं सुजलंय." "हो हो, गोळी." "स्टिरॉइड हाय रं." "आमचा मामा पण तेच म्हणायचा. गेला बिचारा." "डाक्टरचा कागद दाखवू?" "कशाला तापता? हे बघा, हात पण कापतायत." "कापतायत कारण तुझा गळा अजून लांब हाय." "बघा, आता भांडण पण. जा, घरी जाऊन झोपा, लिंबूपाणी घ्या."

बोंबलाचा राग

एका रविवारी हितेश दोन सज्जनांना घेऊन आला. दोघांच्या हातात पत्रकं. व्यसनमुक्तीवाले.

उत्तम मोरीशी बसून बोंबील साफ करत होता. हितेशने पांढरे बूट दाराबाहेर काढले, आत येऊन हात जोडले आणि चेहऱ्यावर अशी माया आणली की बघणाऱ्याला पित्त व्हावं.

"दादा, आपण सगळे तुझ्यासोबत हाव."

"कशात?"

"या लढाईत."

"कसली लढाई?"

सज्जनांपैकी एक गुडघे दुमडून खाली बसला. "काका, पहिली पायरी म्हणजे मान्य करणं."

"काय मान्य करणं?"

"की तुम्हाला गरज आहे."

"मला खुंटीवरच्या टॉवेलाची गरज हाय. दे."

"काका, शेवटचा घोट कधी घेतला?"

"मागच्या दिवाळीला!"

सज्जनाने दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याने मान हलवली. हे उत्तर त्यांना पाठ असावं. "सगळे असंच सांगतात," तो हळूच म्हणाला.

"अरं, माणूस पीत नाय सांगतो तरी पितो, पितो सांगतो तरी पितो. मग न पिणाऱ्यानं सांगायचं तरी काय?"

"दादा, शांत हो," हितेश म्हणाला. "मी इतकंच म्हणतो, हळदीला तुला पेल्याचा मोह नको. माझ्याकडं दे. मी तुझ्यासाठी तेवढं करीन."

इथे उत्तमचा राग गोळीचा राहिला नाही, स्वतःचा झाला. हातात होता तो बोंबील त्याने फेकला. ओला बोंबील हितेशच्या कानावरून सटकला आणि भिंतीवरच्या घड्याळाला चिकटून राहिला.

दोन्ही सज्जन उठले. दारातून जाताना पहिल्याने गुणवंतीचा हात हातात घेतला. "ताई, धीर सोडू नका. फार पुढं गेलंय."

बोंबील अर्ध्या तासाने पडला. काच बरबटली होती पण घड्याळ चालू होतं.

विहीणबाईंचा राग

शेफालीचा होणारा नवरा स्वप्नील साधा, हसरा पोरगा. त्याच्याविरुद्ध उत्तमची काही तक्रार नाही. तक्रार त्याच्या आईविषयी. वैशालीबाई पोलिसात आहेत. राहतात नायगावच्या पोलीस क्वार्टरमध्ये आणि अर्धी नोकरी नाकाबंदीला उभं राहून काढलेली. गाडीची काच खाली यायच्या आत चालकाने किती घेतलीय ते सांगतात, अशी त्यांची ख्याती.

जेवणाचा बेत ठरवायला त्या घरी आल्या. उत्तम समोर बसला. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग डोळ्यांकडे. मग चहाच्या बशीकडे, जी खुळखुळ वाजत होती. मग उगाच पुढे झुकून "पंखा लागत नाही इथे" म्हणाल्या आणि एक लांब श्वास घेतला.

वास आला नाही. त्यामुळे संशय आणखी वाढला.

"ताई," त्या गुणवंतीला म्हणाल्या, "हे रोजचंच का?"

"काय रोजचं?"

"नाही, चेहरा बघून विचारलं."

"गोळीनं सुजलाय त्यांचा."

"सगळे तेच म्हणतात. कुणी गोळी म्हणतं, कुणी खोकल्याचं औषध. एक तर मला म्हणाला, मॅडम, पिकलेली जांभळं खाल्लीत." वैशालीबाई उठल्या. "उष्टी हळद घेऊन मी स्वतः येईन. घराची रीत आहे म्हणता, तर बघते रीत."

त्या गेल्यावर शेफाली उत्तमच्या शेजारी येऊन बसली. बँकेत काम करते पोरगी. दिवसभर लोकांचे आवाज चढतात आणि ही आवाज चढवत नाही. तशीच बोलली.

"पप्पा, पेला हितेशकाकांना द्या."

"तू पण?"

"तुमी नाय पीत, मला म्हाईत हाय. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावलात की त्यांचं पक्कं होणार. आणि प्यायलात तर पोटाचं काय? आई काय बोलली ते ऐकलंय ना? मला हळद नको असली."

पोरीवर चिडता येत नाही ही बापाची मोठी गैरसोय. त्याने कॅलेंडरला शिव्या दिल्या.

पण डोक्यात एकच गोष्ट चालू झाली. फक्त एक घोट. सरळ हाताने, ताठ मानेने, रीतीप्रमाणे. लोकांनी बघावं की हा माणूस एक घोट घेऊन पेला खाली ठेवू शकतो. मग जन्मात दारू नको. पण गोळी आणि घोट एका पोटात नांदायला नकोत.

म्हणून तो धोंडूकडे गेला.

धोंडूचा सल्ला

धोंडू लालबागचा. त्याचं डॉक्टरी शिक्षण एवढंच की त्याच्या चाळीखाली औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या बाकावर पंखा लागतो. तिथे दिवसभर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याची दुखणी ऐकतो.

"गोळी नि दारू एकत्र गेली तर भांडान होतला," धोंडू म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर."

"मग दोघांका एकत्र बोलवतंस कित्याक? गोळी बंद कर थोडे दिस. पोट रिकामा होतला. मगे घोट घे. दुसऱ्या दिवशी परत गोळी चालू. गोळीक कळूचा पण नाय."

"असं चालतं?"

"माझो चुलतो तसाच करी. साखरेची गोळी सणाक बंद."

"मग?"

"मग काय? गेलो तो."

"धोंडू!"

"अरे, बसखाली गेलो. गोळीचो काय संबंध नाय."

उत्तमला हे पटलं. का पटलं असं विचारू नका. ज्याला जे ऐकायचं असतं ते सांगणारा माणूस त्याला मुंबईत कुठेही बसल्या बाकावर सापडतो. त्या दिवसापासून गुणवंतीने दिलेली गोळी तो तोंडात घ्यायचा, गालात दाबायचा आणि खिडकीतून तुळशीच्या कुंडीत थुंकायचा.

न आलेला राग

पहिल्या दिवशी काही झालं नाही.

मग बादली सांडली आणि उत्तमला राग आला नाही.

उपमा खारट झाला. त्याने खाल्ला. अर्धाच.

हितेशने गाडीचा हॉर्न वाजवला. उत्तम खिडकीशी बसून समुद्राकडे बघत राहिला.

"काय शांत झालेत," शेजारीण गुणवंतीला म्हणाली. "सोडली वाटतं शेवटी."

"सुधारला दादा," हितेश म्हणाला. पत्रकाचा परिणाम, त्याची खात्री होती.

शेफालीने आईला विचारलं, "पप्पा आज ओरडले नाय?"

"लेक जाणार म्हणून मऊ झालेत," गुणवंती म्हणाली. पण तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. घाम मात्र होता.

आतून काय चाललं होतं ते एकट्या उत्तमला माहीत. अंगातला कुणी धागा ओढून घेतल्यासारखा तो सैल पडत होता. उठताना भिंत धरावी लागायची. खांद्यात पुन्हा ती जुनी दोरी आवळायला लागली होती. लग्नाची धावपळ, त्याने स्वतःला सांगितलं. हळदीच्या सकाळी त्याने भांग पाडला. कंगवा कानाशी अडला.

त्याने केस पाण्याने चापून बसवले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

उंबरा

उन्हं उतरली. मांडवात माणूस मावेना. बेंजोवाले बोटं मोडत बसले होते. प्लास्टिकच्या टेबलांवर बाटल्या रांगेत उभ्या, सगळ्यांची बुचं घट्ट, आणि प्रत्येक टेबलाभोवती माणसं अशी बसली होती जशी निकालाच्या दिवशी बसतात. उष्टी हळद घेऊन आलेल्या वैशालीबाई पहिल्या खुर्चीत. साडीतच होत्या, पण हात मागे बांधून बसण्याची सवय गेली नव्हती. पाटावर शेफाली, गाल पिवळे.

गुणवंती उत्तमच्या कानाशी आली. "ओठाला लावायचा फक्त. गिळायचं नाय. तोंड फुगवून बाजूला जाऊन थुंका. पोटाची शपथ हाय."

हितेशने पितळी पेला काठोकाठ भरला. दुष्टपणाने भरला की मायेने, ते देव जाणे. पेला त्या घराण्यासारखाच होता, जुना आणि भलता जड.

उत्तम उंबऱ्यावर उभा राहिला. वाडवडलांची नावं घेतली. आवाज लांबून आल्यासारखा वाटला त्याला. आता धार.

धार सुटली. थोडी सोडायची असते, पण मनगट थरथरलं आणि बरीच सुटली.

"हळू," कुणीतरी म्हणालं.

आता पेला वर. डोक्याच्या वर.

पेला कमरेवरून निघाला. पोटाशी आला. छातीशी आला. आणि तिथे थांबला. उत्तमने जोर लावला. पेला हलेना. तीस वर्षं ज्या हाताने जाळी ओढली तो हात एका पेल्यापुढे बसला. मांडव बघत होता. वैशालीबाई बघत होत्या. लोकांना वाटलं म्हातारा मुद्दाम वेळ काढतोय, नाटकी आहे. हात वर जाईना तर तोंड खाली नेऊ, असा विचार करून उत्तमने मान वाकवली, ओठ पुढे काढले, पेल्याची कड एवढ्यावर राहिली, आणि तो

आडवा

पेला आधी पडला की उत्तम, यावर मांडवात अजून दोन मतं आहेत. उरलेली सगळी दारू त्याच्या नव्या झब्ब्यावर सांडली हे मात्र सर्वमान्य आहे.

"झालं," वैशालीबाई शांतपणे म्हणाल्या. "आधीपासून घेत असणार."

"आवं!" गुणवंती ओरडली. तो आवाज लालबागपर्यंत गेला असावा.

घरातली माणसं बाहेर येण्यासाठी आणि बाहेरची आत जाण्यासाठी त्याच्या अंगावरून जायला लागली. कुणी कांदा आणला. कुणी चप्पल हुंगवली. एक म्हणाला, "उलटी करू द्या, उतरेल." दुसरा म्हणाला, "लिंबू पिळा." सगळे बोलत होते आणि सगळ्यांना अनुभव होता. शेफाली हळदीच्या हातांनी बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि त्याचे लाल गाल पिवळे झाले.

"प्यायले नायत ते," ती म्हणत होती. "प्यायले नायत."

झब्बा मात्र तिच्या विरुद्ध साक्ष देत होता.

परळ

सुदैवाने डॉक्टर दर्शना इस्पितळातच होत्या. सलाइन लागलं, इंजेक्शन गेलं, रक्तदाब वर चढायला लागला. उत्तमने डोळे उघडले तेव्हा एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला गुणवंती. म्हणजे पुन्हा तीच बैठक.

"किती घेतलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक थेंब नाय."

"झब्बा भिजलाय."

"झब्ब्यानं घेतली."

"आणि गोळी? शेवटची कधी?"

उत्तमने छताकडे बघितलं. गुणवंतीने उत्तमकडे.

"रोज देते मी," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"काका?"

"तुळशीला," उत्तम म्हणाला.

डॉक्टर दर्शना खुर्ची ओढून बसल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ही गोळी बरेच महिने घेतली की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. तुम्ही एकदम गोळी थांबवलीत, तर आत दुकान बंद आणि बाहेरून माल बंद. जिवावर बेतलं असतं. का थांबवलीत?"

"घोट घ्यायचा होता. एकच. रीत हाय घराची."

"एका घोटासाठी गोळी बंद केलीत?"

"एक थेंब गेला तर पोट आतून फाटतं ना?"

"कुणी सांगितलं?"

उत्तमने गुणवंतीकडे मान वळवली. हात वळत नव्हता, पण मान वळली.

"मी ताईंना सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या, "की रोजचं पिणं बंद, फार पिणं बंद, त्याने या गोळीवर पोटाला अल्सर होऊ शकतो. पण एखाद्या सणाला, जेवणाबरोबर, एखादा लहान पेग तुमच्या तब्येतीला चालेल. घोटाचं काय घेऊन बसलात. गोळी मात्र एकही दिवस चुकवायची नाही, हे मी दोनदा सांगितलं."



"गुणवंती," उत्तम म्हणाला.

"काय?"

"महिनोन्महिने. लोकांनी मला दारुडा ठरवला. हितेशनं माणसं आणली घरात. आणि चालत होती?"

"एक लहान बोलली ती," गुणवंती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि चढता चढता मध्येच फाटला. "तुमचा एक केवढा असतो ते तिला काय म्हाईत? तुमाला बनियन मी घातलाय. त्या सकाळी मी घातलाय. परत नव्हता घालायचा मला. म्हणून बोलले एक थेंब."

उत्तमने पुष्कळ राग गोळा करायचा प्रयत्न केला. जमला नाही. अजून इंजेक्शन पुरतं लागू पडलं नसावं.

"आज मात्र खरंच एक थेंबही नाही," डॉक्टर उठताना म्हणाल्या. "क्षार गेलेत अंगातले. हे प्या." त्यांनी टेबलावर काचेच्या ग्लासात संत्र्याच्या चवीचं क्षारपाणी ठेवलं आणि पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

मान

दिवेलागणीला शेफालीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पिवळा चेहरा, मागे सगळा मांडव.

"पप्पा! बरे हाव ना?"

"बरा हाय गो बाय. हळद पुरी झाली?"

"कशी होईल? सगळे बसलेत तसेच."

मग हितेश फोनमध्ये घुसला. "दादा, तब्येत जप. फक्त एवढं सांग, घोट गेला का नाय? धार सुटली हे सगळ्यांनी बघितलं. घोटाचं कुणाला नक्की सांगता येत नाय. पाहुणे तापलेत. बेंजोवाले निघालो म्हणतात. तू नुसतं म्हण, मान खाली दिला. मी हाय."

उत्तमने पडद्यात बघितलं. हितेशच्या हातात पितळी पेला होता. पुसून, चकचकीत करून, भरून.

तेवढ्यात त्याच्या खांद्यातली दोरी कुणीतरी सोडल्यासारखी सैल झाली. त्याने हात उचलून बघितला. छातीपर्यंत गेला. कानापर्यंत गेला. गुणवंती बघत होती. तिने टेबलावरचा ग्लास उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"शेफाली, फोन नीट धर," उत्तम म्हणाला. "सगळ्यांना दाखव."

त्याने ग्लास डोक्याच्या वर नेला. हात थरथरला, पण गेला. परळच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, म्हणून त्याने अंदाजाने प्रभादेवीच्या दिशेला दाखवला. मग ग्लास खाली आणला आणि घोट घेतला. एक. रीतीप्रमाणे. मग डॉक्टरांचं आठवलं म्हणून सगळा प्यायला.

मांडवातली यच्चयावत बुचं एका क्षणी फिरली. तो आवाज फोनमधून गोड येतो. बेंजो सुरू झाला. शेफाली रडत हसत होती. हितेशचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यातून हळूच निघून गेला.

आणि त्या जागी वैशालीबाई आल्या. डोळे बारीक करून त्यांनी पडद्यात बघितलं. लाल सुजलेलं तोंड. त्यावर हळद. हातात रिकामा ग्लास, तळाशी पिवळसर तांबूस थेंब.

"हॉस्पिटलात पण?" त्या म्हणाल्या.

"क्षारपाणी हाय!" उत्तम ओरडला. "संत्र्याचं!"

"हो. देशी संत्रा मला माहीत आहे. नाक्यावर फार सापडते."

"अवो बाई, डाक्टरला विचारा! डाक्टर!"

डॉक्टर दर्शना पलीकडच्या खाटेवरून वळल्या. फोन त्यांना दिसला नाही, रिकामा ग्लास दिसला.

"संपवला सगळा? शाबास," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता दर तासाला एक घ्यायचा. झोपेपर्यंत."

बेंजो थांबला. सगळा मांडव ऐकत होता.

"या इस्पितळाचा पत्ता काय?" वैशालीबाईंनी विचारलं. त्यांच्या मागून आणखी पाच-सहा पुरुषांनी तेच विचारलं, पण वेगळ्या आवाजात.

उत्तमचे कान तापले. गाल पेटले. त्याने ग्लास टेबलावर आपटला, सलाइनच्या स्टँडला एक आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला दोन शिव्या घातल्या, आणि मग पोलीस खातं, व्यसनमुक्ती, धोंडू, धोंडूचा बसखाली गेलेला चुलता अशी क्रमाने सगळ्यांची खबर घ्यायला सुरुवात केली.

गुणवंतीने पदराने डोळे पुसले आणि पलीकडच्या खाटेजवळच्या डॉक्टरांना हाक मारली.

"डाक्टर, राग आला वो त्यांना. आता घरी नेऊ?"